पैसे अडकले कुठे? फोनमधल्या रांगेची गोष्ट

गौरी-गणपती उरकले, भात पोटरीला आलंय, जरा उसंत मिळाली असेल. आज आम्ही कर्जाच्या हप्त्याविषयी किंवा पापडाच्या पॅकिंगविषयी बोलणार नाही. मोबाईलच्या आत एक रांग असते, ती भरली की काय होतं, ते सांगणार आहोत. विषय ऐकून रेडिओ बंद करू नका. या रांगेपायी आमच्या एका गटात कोषाध्यक्ष बदलायची वेळ आली होती.

झालं असं. पेणजवळच्या एका गावात श्रावणातली मासिक बैठक होती. बसलो होतो ग्रामपंचायतीच्या सभागृहात, कारण तिथे वाय-फाय आहे. त्या दिवशी कर्जप्रकरणासाठी सगळ्यांचे आधार कार्डाचे आणि पासबुकाचे फोटो ऑनलाइन भरायचे होते. बारा-तेरा जणी, प्रत्येकीच्या हातात फोन आणि प्रत्येकीच्या तोंडी एकच, "माझा फोटो चढला का गो?" त्यातच रंगाचे पैसे द्यायची आठवण झाली. या गटातल्या बायका घरी लहान गणपती रंगवून देतात. रंग पेणच्या दुकानातून उधारीवर आणलेला, बिल ४,८०० रुपयांचं. गटाचं खातं दोन सह्यांचं, म्हणून कोषाध्यक्ष वहिनींनी आपल्या खात्यातून यूपीआयने पैसे द्यायचे आणि गटाने नंतर त्यांना चेक द्यायचा असं ठरलं.

वहिनींनी पिन टाकला. गोल चक्र फिरायला लागलं. वाय-फायच्या कांड्या पूर्ण दिसत होत्या, तरी चक्र काही थांबेना. दुकानदाराचा फोन आला, "वहिनी, आले नाहीत अजून." मग वहिनींनी ॲप बंद केलं, परत उघडलं, परत पिन टाकला. थोड्या वेळाने बँकेचे दोन मेसेज लागोपाठ आले. ४,८०० आणि ४,८००.

दुकानदार सरळ माणूस. चौथ्या दिवशी त्याने जास्तीचे पैसे परत केले. पण ते चार दिवस वहिनींच्या खात्यात लेकीच्या कॉलेजची फी भरायला पैसे नव्हते. पुढच्या बैठकीत कुणीतरी बोललंच, "वहिनींना मोबाईल जमत नाही, पद दुसरीला द्या." वहिनींनी रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "घ्या बाई, सांभाळा." आम्ही तिथेच होतो आणि गप्प बसलो. खरं सांगायचं तर आम्हालाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

नंतर मन खाऊ लागलं. आमचा एक भाचा नेटवर्कचं काम करतो. त्याच्याकडे दोन रविवार बसलो आणि विचारलं, चक्र फिरत असताना आत नेमकं काय चाललेलं असतं? त्याच्याकडून जे कळलं ते आमच्या भाषेत सांगतो.

तुम्ही फोनवरून काहीही पाठवा, फोटो असो, पैसे असोत की आवाज, फोन त्याची लहान लहान पाकिटं करतो. एका पाकिटात साधारण १,५०० बाइट मावतात. तीन एमबीचा एक फोटो म्हणजे जवळजवळ २,००० पाकिटं. पैसे पाठवायचा निरोप मात्र मोजक्या पाकिटांत बसतो. आता बघा, वहिनींनी स्वतःच्याच फोनवरून आधी गटातल्या चार जणींचे फोटो भरायला लावले होते. त्या हजारो पाकिटांच्या मागे ४,८०० रुपयांची ही चार-पाच पाकिटं उभी राहिली.

ही पाकिटं हवेत सोडायचं काम फोनमधली वाय-फायची चिप करते. फोनची मुख्य यंत्रणा आणि ती चिप यांच्यामध्ये एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. एसटीचा ड्रायव्हर नव्हे. हा आपला हमाल म्हणा, वरून पाकीट घ्यायचं आणि चिपच्या पुढ्यात ठेवायचं. ठेवायची जागा कशी असते, तर रहाटासारखी. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या विहिरीवर रहाट पाहिला असेल तुम्ही. माळेला ठरावीक गाडगी बांधलेली. भरलेली वर जातात, रिकामी होतात, फिरून खाली येतात, परत भरतात. ड्रायव्हरकडेही अशीच ठरावीक गाडग्यांची माळ असते. तो भरत जातो, चिप रिकामी करत जाते. सगळी गाडगी भरलेली असताना आणखी पाणी ओतलंत तर ते सांडणार. माळ काही आपोआप लांब होत नाही.

मग माळ भरतेच का? कारण फोन आतून फार चपळ आहे आणि हवा नाही. वाय-फायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बोलण्याआधी चिप कान देते, कुणी बोलतंय का. बोलत असेल तर थांबते. मोकळं झालं तरी लगेच तोंड उघडत नाही. मनाशी काहीतरी आकडा धरून तेवढा क्षणभर आणखी थांबते, नाहीतर सगळ्याच एकदम बोलतील. पाकीट सोडल्यावर समोरच्या राउटरकडून "मिळालं" अशी पोच यावी लागते. पोच आली नाही तर तेच पाकीट पुन्हा सोडायचं. सभागृहात तेरा फोन होते आणि प्रत्येकाच्या आत भरलेली माळ. आमच्या बैठकीत बायका एकमेकींना एवढी संधी देत नाहीत, फोन देतात.

रोह्याच्या मैत्रिणींना हे रेल्वेवरून चटकन कळेल. पनवेल, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे करत गाडी रोह्याला येते आणि रोह्याला कोकण रेल्वे सुरू होते. पनवेल ते रोहा दुहेरी मार्ग झाला, तेव्हा रोह्याच्या पुढे एकच रूळ होता. मागून दोन रुळांवरून गाड्या येणार आणि पुढे एका रुळावर जाणार, समोरून येणाऱ्या गाडीलाही त्याच रुळावरून वाट द्यायची. मग रांग कुठे लागणार? जिथे रुंद रस्ता अरुंद होतो तिथेच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रोहा ते वीर दुहेरी मार्ग सुरू झाला, तशी ती अडचणीची जागा वीरकडे सरकली. फोनमध्ये हे रोहा स्टेशन म्हणजे ड्रायव्हरची माळ. मागे रुंद, पुढे अरुंद.

आता मुख्य प्रश्न. माळ भरल्यावर ड्रायव्हरने करायचं काय?

एक मार्ग म्हणजे आलेलं पाकीट सरळ टाकून द्यायचं. ऐकायला वाईट वाटतं, पण ते पुढे बोलू. दुसरा मार्ग, वरच्या यंत्रणेला सांगायचं "आता जागा नाही, नंतर या". यात गंमत अशी की वरची यंत्रणा लगेच परत येते. "झाली का जागा?" नाही. "आता झाली का?" नाही. बँकेच्या खिडकीवर दर मिनिटाला जाऊन "साहेब आले का" विचारणाऱ्या माणसासारखं. कामही होत नाही आणि बॅटरी मात्र जळते. आपले अँड्रॉइड फोन ज्या लिनक्स नावाच्या प्रणालीवर उभे आहेत, तिच्या ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठीच्या सूचनांत स्पष्ट लिहिलंय की नेहमीच्या कामात ड्रायव्हरने असं "जागा नाही" म्हणून पाकीट परत पाठवायचंच नाही. ती वेळ येऊ देणं हीच चूक.

बरोबर रीत तिसरी. माळ भरत आली, शेवटची थोडी गाडगी उरली, की तेव्हाच वर सांगायचं, "थांबा." पुढे येणारं मोठ्यात मोठं पाकीटसुद्धा मावेल एवढी जागा हातची राखून थांबवायचं. रेशन दुकानदार धान्य संपल्यावर शेवटच्या बाईला परत पाठवतो, तेव्हा ती तीन तास उन्हात उभी राहिलेली असते. शहाणा दुकानदार पोती मोजतो आणि रांगेत मध्येच येऊन सांगतो, "इथपर्यंतच आज." मग चिपने काही गाडगी रिकामी केली की ड्रायव्हर वर सांगतो, "चला, सुरू करा." तेही एक गाडगं रिकामं झाल्याबरोबर नाही. बऱ्यापैकी जागा झाल्यावर. नाहीतर थांबा-चला, थांबा-चला यातच वेळ जाईल.

यात एक बारीक गोम आहे, ती आम्हाला फार आवडली. समजा ड्रायव्हरने पाहिलं, माळ भरली. तो "थांबा" म्हणायला तोंड उघडतोय, आणि नेमक्या त्याच क्षणी चिपने सगळी गाडगी रिकामी करून टाकली. चिपच्या बाजूने काम संपलं. आता नवीन गाडगं रिकामं होणार नाही, म्हणून "चला" म्हणायची वेळही येणार नाही. आणि वर तर "थांबा" सांगून झालंय. माळ पूर्ण रिकामी, रांग पूर्ण थांबलेली, दोघं एकमेकांची वाट बघत बसलेली! म्हणून चांगला ड्रायव्हर "थांबा" सांगितल्यावर मागे वळून एकदा परत माळ बघतो. जागा झाली असेल तर स्वतःच रांग सुरू करतो. लिनक्समध्ये यावर एक राखणदारही ठेवायची सोय आहे. रांग फार वेळ थांबलेली दिसली, नेहमीचा हिशोब पाच सेकंदांचा, तर तो ड्रायव्हरला हलवून जागं करतो आणि चिप नव्याने सुरू करायला लावतो. आपण वाय-फाय बंद करून चालू केलं की अडकलेलं कधी कधी सुटतं, ते याच कारणाने. जुनी माळ मोडते, नवी लागते.

तुमच्यातली एखादी म्हणेल, एवढी कटकट कशाला, माळच लांब करा ना! इंजिनिअर लोकांनाही बरीच वर्षं हेच वाटत होतं. मेमरी स्वस्त झाली तशा रांगा लांब केल्या. आता हिशोब करू, आपण बचत गटवाल्या, हिशोबाला घाबरत नाही. लिनक्समध्ये जुनी रूढ रांग १,००० पाकिटांची होती. १,००० गुणिले १,५०० बाइट म्हणजे १५ लाख बाइट, म्हणजे १ कोटी २० लाख बिट. बाहेर जायचा वेग गर्दीमुळे सेकंदाला १० लाख बिटांवर आला असेल, तर शेवटच्या पाकिटाची पाळी १२ सेकंदांनी. माळ दुप्पट केली तर २४ सेकंदांनी. रांग लांब केल्याने काम वेगाने होत नाही, फक्त "थांबा" हे उशिरा कळतं.

२०१० च्या सुमाराला अमेरिकेतल्या जिम गेटिस नावाच्या इंजिनिअरला आपल्याच घरी हे दिसलं. मोठी फाइल पाठवायला लावली की घरचं बाकी सगळं इंटरनेट रांगायला लागायचं. त्यांनी शोध घेतला, तर ठिकठिकाणी फुगलेल्या रांगा सापडल्या. या दुखण्याला त्यांनी "बफरब्लोट" हे नाव दिलं. आपण रांग फुगणे म्हणू. त्यावरचा उपाय २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स या बाईंनी आणि व्हॅन जेकबसन यांनी मांडला. त्यांनी विचारलं, रांगेत किती जण उभे आहेत ते मोजता कशाला? एक जण किती वेळ उभा राहतोय ते मोजा. हा वेळ सतत जास्त दिसला, त्यांचा हिशोब सेकंदाच्या हजाराव्या भागांत चालतो, तर एखादं पाकीट मुद्दाम टाकून द्या. पाठवणाऱ्याला पोच मिळत नाही, तो समजतो पुढे गर्दी आहे, आणि आपण होऊन सावकाश पाठवू लागतो. टाकलेलं पाकीट तो परत पाठवतोच. हरवत काहीच नाही. मघाशी जे वाईट वाटलं होतं ते पाकीट टाकणं खरं तर निरोपच असतो.

याच्या जोडीला आणखी एक युक्ती आली. सगळ्यांची एकच रांग न करता प्रत्येक कामाची वेगळी रांग करायची आणि आळीपाळीने एकेक पाकीट उचलायचं. म्हणजे फोटोची दोन हजार पाकिटं एका बाजूला, पैशांची पाच दुसऱ्या बाजूला. पैसे पाचव्या फेरीत बाहेर. वाय-फायच्या ड्रायव्हरांत ही सोय लिनक्समध्ये पुढच्या चार-पाच वर्षांत हळूहळू येत गेली. पण जुन्या, स्वस्त राउटरमध्ये आणि जुन्या फोनमध्ये ती असेलच असं नाही, आणि आपल्याकडे जुनंच जास्त चालतं.

त्या दिवशी अजून एक गोष्ट घडली होती, ती आम्हाला नंतर उमगली. दोन जणी सभागृहात गरम होतं म्हणून बाहेर पायरीवर जाऊन बसल्या होत्या. भिंतीपलीकडे, राउटरपासून लांब. लांबचा फोन सावकाश बोलतो, नाहीतर राउटरला नीट ऐकू येत नाही. तेच पाकीट पाठवायला तो जवळच्या फोनच्या कितीतरी पट वेळ हवा अडवून धरतो. जवळ बसलेल्या दहा जणींचा वेगही त्याच्यापायी खाली येतो. पायरीवरच्या त्या दोघींना कुणी काही बोललं नाही, बोलणी वहिनींनी खाल्ली.

एका ताईंनी विचारलं होतं, माझा व्हिडिओ कॉल तर तेव्हा चालू होता, मग पैसेच कसे अडकले? वाय-फायमध्ये २००५ पासून चार वेगळ्या रांगांची सोय आहे. आवाज, चित्र, साधी कामं आणि मागाहून केली तरी चालतील अशी कामं. ॲपने तशी खूण लावली तर आवाजाची आणि चित्राची पाकिटं पुढे काढली जातात. पैसे आणि फोटो बहुधा साध्या रांगेत एकत्रच. म्हणून ताईंच्या नणंदेचा चेहरा दिसत होता आणि दुकानदाराचे पैसे उभे होते.

आता वहिनींच्या हातून नेमकं काय झालं ते सांगतो. चिप तेच पाकीट चार वेळा पाठवते, तेव्हा त्यावर तोच क्रमांक असतो. राउटरला चारही मिळाली तरी तो एक ठेवतो आणि तीन फेकतो. यंत्राला डबल कळतं. पण माणसाने ॲप परत उघडून परत पिन टाकला, की ती नवी आज्ञा झाली. तिला नवा व्यवहार क्रमांक मिळाला. बँकेच्या दृष्टीने हे दोन वेगळे व्यवहार. आणि ॲप बंद केल्याने पहिला निरोप रद्द होत नाही. रांगेत दिलेलं पाकीट पाळी आली की बाहेर पडू शकतं. कधी पैसे गेलेलेही असतात आणि अडकलेली असते ती फक्त "झालं" ही उलटी पोच. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, गोल चक्र. एवढ्या शिकलेल्या लोकांनी हे ॲप बनवलं, त्यांना "तुमचा निरोप रांगेत आहे, परत दाबू नका" एवढी एक ओळ मराठीत लिहिता आली असती. फोनच्या आतला ड्रायव्हर "थांबा" सांगतो, आणि बाईला मात्र कुणी सांगत नाही.

आमच्या गटांमध्ये आता रीत बदलली आहे. बैठकीत आधी पैशांचे व्यवहार, मग फोटो. फोटो भरायचे तर तीन-तीन जणींनी, राउटर असलेल्या खोलीत बसून. फोटो आपोआप साठवण्याचं जे बॅकअप असतं, ते बैठकीपुरतं बंद. घाईने पैसे द्यायचे असतील आणि वाय-फायवर गर्दी असेल, तर पिन टाकण्याआधीच वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावर जायचं. पिन टाकल्यावर चक्र फिरत राहिलं, तर फोन खाली ठेवायचा. मग ॲपमधला मागचा हिशोब बघायचा, व्यवहार "पेंडिंग" आहे की "फेल" आहे. पेंडिंग असेल तोवर परत पाठवायचं नाही. बँकेची शिल्लक तपासायची, समोरच्याला विचारायचं. फेल असं स्पष्ट आलं, तरच पुन्हा.

खात्यातून पैसे कापले गेले पण समोरच्याला मिळालेच नाहीत, तर त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. यूपीआयने एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, आणि दुकानदाराला दिलेले पाच दिवसांत. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. पण नीट ऐका. पैसे दोनदा गेले आणि दोन्ही वेळा पोचले, तर हा नियम कामाचा नाही. ते समोरच्यानेच परत करायचे असतात. आणि गोंधळलेल्या वेळी इंटरनेटवर सापडलेल्या "कस्टमर केअर" नंबरवर फोन करू नका. त्यात भामटे बसलेले असतात. बँकेचा नंबर पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे असतो, तोच लावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३०.

भाद्रपदाच्या बैठकीत आम्ही हे सगळं गटापुढे सांगितलं. रहाट फळ्यावर काढून दाखवला, आमच्या चित्रकलेला बायका पोटभर हसल्या. पद दुसरीला द्या म्हणणाऱ्या काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा फोटो चढत होता म्हणून हिचे पैसे अडले?" वहिनी म्हणाल्या, "तुमचा नाही काकू, तुमच्या आधारचे चार फोटो मीच चढवत होते." रजिस्टर वहिनींकडेच राहिलं. त्यात आता त्यांनी पट्टीने एक नवीन रकाना आखलाय, व्यवहार क्रमांकाचा. तो भरल्याशिवाय त्या कुणाला "पैसे गेले" असं सांगत नाहीत, दुकानदाराचा फोन आला तरी.